फोटोच्या कॅमेऱ्यातलं शूटिंग

पंधरा-वीस वर्षांपूर्वी लग्नाच्या मांडवात दोन माणसं सतत एकमेकांच्या वाटेत येत. एक फोटोवाला आणि दुसरा शूटिंगवाला. शूटिंगवाल्याचा कॅमेरा मोठा, त्याच्यामागे वायर सांभाळत हॅलोजनचा दिवा धरून उभा असलेला एक पोऱ्या, आणि त्या भगभगीत उजेडात डोळे बारीक करून बसलेले नवरा-नवरी. फोटोवाला मात्र गळ्यात पट्टा अडकवून मोकळा फिरे. आता त्याच मांडवात चार-पाच जण असतात आणि सगळ्यांच्या हातात सारखाच दिसणारा काळा कॅमेरा असतो. त्यातला फोटो कोण काढतंय आणि शूटिंग कोण करतंय, हे कॅमेऱ्याकडे बघून सांगता येत नाही. कॅमेऱ्याखाली गिंबलचा, म्हणजे हादरे शोषून चित्र स्थिर ठेवणारा दांडा दिसला की समजायचं, हा शूटिंगवाला.

हा बदल हळूहळू झाला असं वाटतं, पण त्याची सुरुवात अवघ्या तीन आठवड्यांत झाली. २७ ऑगस्ट २००८ रोजी निकॉनने 'डी९०' हा कॅमेरा जाहीर केला. व्हिडिओ घेऊ शकणारा तो पहिला डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा फोटोचा कॅमेरा. चित्र ७२० ओळींचं आणि एका वेळी फार तर पाच मिनिटांचं. १७ सप्टेंबरला कॅननचा '५डी मार्क टू' आला, १०८० ओळींचा, पूर्ण एचडी. त्यातली ही सोय सिनेमावाल्यांसाठी केलेलीच नव्हती. रॉयटर्स, असोसिएटेड प्रेस यांसारख्या वृत्तसंस्थांना आपल्या छायाचित्रकारांकडून वेबसाइटसाठी चार हलती दृश्यंही हवी होती. त्यासाठी वेगळा माणूस आणि वेगळा कॅमेरा पाठवणं परवडत नव्हतं. त्यांची गरज म्हणून फोटोच्या कॅमेऱ्यात एक जादा बटण आलं.

मग न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट लाफोरे या छायाचित्रकाराच्या हाती हा कॅमेरा बाजारात येण्याआधीच पडला. लाफोरे पूर्वी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये होता, पुलित्झर मिळवणाऱ्या चमूतला. शनिवार-रविवारपुरता कॅमेरा मागून घेऊन त्याने रात्रीच्या शहरात 'रेव्हरी' नावाची छोटी फिल्म केली आणि ती इंटरनेटवर लाखो लोकांनी पाहिली. गोष्ट म्हणाल तर तिच्यात फारसं काही नाही. पण रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडात घेतलेलं ते चित्र व्हिडिओसारखं दिसत नव्हतं, सिनेमासारखं दिसत होतं. तेव्हा लाखभर रुपयांचा व्हिडिओ कॅमेरा वापरणाऱ्यांच्या पोटात त्या दिवशी गोळा आला असणार.

'सिनेमासारखं दिसणं' म्हणजे नेमकं काय? लोक क्वालिटी, क्लॅरिटी असले शब्द वापरतात, पण मुख्य कारण आहे सेन्सरचा आकार. त्या काळच्या हातात धरायच्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत प्रकाश टिपणारा तुकडा साधारण ४.८ बाय ३.६ मिलिमीटरचा असे, म्हणजे मसुराच्या दाण्याएवढा. ५डीमध्ये तो ३६ बाय २४ मिलिमीटर. क्षेत्रफळ जवळजवळ पन्नास पट. एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर जास्त प्रकाश गोळा होतो, म्हणून हॅलोजनवाल्या पोऱ्याची गरज संपली.

दुसरा परिणाम याहून मोठा. ८५ मिलिमीटरची लेन्स एफ १.८ वर उघडून दोन मीटरवरच्या नवरीचा चेहरा टिपला, तर फोकसमध्ये राहणारा पट्टा जेमतेम ६ सेंटिमीटर जाडीचा असतो. त्याच्या मागचं सगळं, म्हणजे झालरी, खुर्च्या, मोबाइलवर बोलणारे काका, धूसर होऊन विरघळतं. हीच चौकट छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्याने त्याच एफ १.८ वर घेतली तर पट्टा ४० सेंटिमीटरच्या वर जातो आणि काकाही बऱ्यापैकी ओळखू येतात. सिनेमात नटाचा चेहरा मागच्या पसाऱ्यातून सुटा होऊन पुढे येतो, याची आपल्या डोळ्यांना सवय असते. त्यासाठी आधी हौशी मंडळी व्हिडिओ कॅमेऱ्यापुढे फिरती काच असलेला अ‍ॅडॉप्टर आणि त्यापुढे फोटोची लेन्स असं लांबलचक लफडं जोडत. ते सगळं एका रात्रीत अडगळीत गेलं.

या ३६ बाय २४ या मापाची गंमत अशी की ते मुळात सिनेमाचंच. जर्मनीत वेट्झलारच्या लाइट्झ कारखान्यात काम करणाऱ्या ऑस्कर बार्नाकने १९१३-१४ च्या सुमारास सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म घालता येईल असा खिशात मावणारा फोटोचा कॅमेरा बनवला. सिनेमात फिल्म उभी सरकते आणि एक चौकट २४ बाय १८ ची असते. बार्नाकने फिल्म आडवी सरकवली आणि दोन चौकटींची जागा एका फोटोला दिली. १८ दुणे ३६. त्यातून १९२५ साली लायका बाजारात आला आणि हे माप फोटोग्राफीत कायमचं रुजलं. म्हणजे फोटोच्या कॅमेऱ्याने सिनेमाकडून उसनी घेतलेली चौकट २००८ साली सिनेमाला परत केली, तीही दुप्पट मोठी करून.

५डी मार्क टूचं चित्र सुंदर होतं, पण त्यापलीकडे हा कॅमेरा व्हिडिओसाठी जवळपास सर्वच बाबतींत गैरसोयीचा होता. मला या सगळ्या कहाणीतला हाच भाग सर्वांत रंजक वाटतो.

पहिली अडचण म्हणजे सुरुवातीला व्हिडिओ घेताना अ‍ॅपर्चर (लेन्समधून प्रकाश आत घेणारं भोक) आणि शटर कॅमेरा स्वतःच ठरवायचा. छायाचित्रकार सांगेल ते तो ऐकत नसे. मग लोकांनी कॅननवर अ‍ॅडॉप्टर लावून निकॉनच्या जुन्या लेन्स चढवल्या, कारण त्यांचं अ‍ॅपर्चर लेन्सवरच्या कड्याने हातानेच फिरवायचं असतं; कॅमेऱ्याला त्यात ढवळाढवळ करता येत नाही. एका कंपनीच्या कॅमेऱ्याला ताळ्यावर आणायला प्रतिस्पर्धी कंपनीची लेन्स! कॅननला हे पाहवलं नसावं. जून २००९ मध्ये नवं फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, देऊन तिने सगळं नियंत्रण माणसाच्या हाती दिलं. सेकंदाला २४ आणि २५ चौकटींची सोय तर मार्च २०१० मध्ये आली. तोवर हा कॅमेरा फक्त ३० चौकटी घेई, आणि आपल्याकडचं टीव्ही प्रसारण २५ चौकटींचं.

हा २५ चा आकडा आपल्या विजेशी बांधलेला आहे. भारतात वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/५० ठेवलं तर प्रत्येक चौकटीत बरोबर दोन लुकलुकी येतात आणि उजेड सारखा दिसतो. अमेरिकन व्हिडिओ बघून कोणी १/६० लावलं, की शाळेच्या हॉलमधल्या गॅदरिंगच्या चित्रीकरणात काळपट पट्टे सरकताना दिसलेच. २५ चौकटींना १/५० हे शटर आणखी एका कारणासाठी योग्य. प्रत्येक चौकट आपल्या वेळेपैकी निम्मा वेळ उघडी राहिली की हालचालीला जी किंचित पुसट कड येते, तीच पडद्यावर नैसर्गिक वाटते.

पण शटर असं बांधलं गेलं की उन्हात पंचाईत होते. स्वच्छ उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/५० असेल तर अ‍ॅपर्चर एफ २२ लागतं. मागचं धूसर करायला हवं एफ २.८. मधलं अंतर सहा स्टॉपचं, म्हणजे ६४ पट जादा उजेड. फोटो काढणारा अशा वेळी सरळ शटर १/३२०० करतो आणि मोकळा होतो. व्हिडिओवाल्याने तसं केलं तर चालणारी माणसं झटके खात चालल्यासारखी दिसतात. म्हणून लेन्सपुढे काळी काच लावायची, एनडी फिल्टर. सिनेमाच्या कॅमेरामनला हे बाराखडीसारखं पाठ होतं. फोटोवाल्यांच्या एका अख्ख्या पिढीला ते नव्याने शिकावं लागलं.

दुसरी अडचण सेन्सरच्या आतली. ५डी मार्क टूमध्ये २१ मेगापिक्सेल होते. एचडी व्हिडिओच्या एका चौकटीला लागतात सुमारे २. सगळे पिक्सेल सेकंदाला तीस वेळा वाचण्याइतका वेग त्यात नव्हता, म्हणून कॅमेरा मधल्या ओळी गाळत जायचा. जवळपास तीनातली एक वाचायचा. चेहऱ्यावर हे खपून जातं. पण समोर इरकली साडीच्या बारीक चौकड्या आल्या, किंवा दूरच्या छपराची कौलं आली, की गाळलेल्या ओळींमुळे तिथे इंद्रधनुषी लाटा उमटायच्या. याला मॉयरे म्हणतात. एडिटिंगमध्ये त्या जात नाहीत. उपाय एकच, साडी बदला! मुलाखतीला येणाऱ्यांना 'बारीक चौकड्यांचा शर्ट घालू नका' असं फोनवर सांगायची सवय त्या दिवसांची.

त्याशिवाय सेन्सर वरून खाली ओळी-ओळीने वाचला जातो. खालच्या ओळीची पाळी येईपर्यंत समोरची वस्तू पुढे गेलेली असते. लोकलच्या खिडकीतून घेतलेले विजेचे खांब त्यामुळे तिरके दिसतात. लग्नात तर वेगळाच प्रकार. शूटिंग चालू असताना शेजारच्या फोटोवाल्याचा फ्लॅश उडाला की एकाच चौकटीचा अर्धा भाग पांढराफटक आणि अर्धा अंधारात. फोटोवाला आणि शूटिंगवाला यांचं जुनं भांडण नव्या तंत्रातही टिकून राहिलं.

तिसरी अडचण मी स्वतः पाहिली. २०११ साली घरच्याच एका लग्नात शूटिंगला नवा डीएसएलआर आला होता आणि सगळ्यांना त्याचं मोठं कौतुक. भटजींनी मंगलाष्टकं जरा ऐसपैस म्हटली. बाराव्या मिनिटाच्या सुमारास कॅमेरा आपोआप बंद झाला आणि कॅमेरावाल्या मुलाच्या ते लक्षात आलं तेव्हा अक्षता पडून लोक पंगतीकडे निघाले होते. कारण साधं होतं. कार्डावरच्या फाइलव्यवस्थेत एक फाइल ४ गिगाबाइटपेक्षा मोठी होऊ शकत नसे आणि पूर्ण एचडीत तेवढी जागा सुमारे १२ मिनिटांत भरायची. याच्याही वर २९ मिनिटं ५९ सेकंदांची एक मर्यादा होती, आणि तिचा तंत्राशी संबंध नव्हता. युरोपियन युनियनच्या जकातीत सलग तीस मिनिटं व्हिडिओ घेणारं यंत्र 'व्हिडिओ कॅमेरा' ठरे आणि त्यावर जादा कर लागे. एक सेकंद कमी ठेवला की तो कागदोपत्री फोटोचाच कॅमेरा. तिकडच्या जकातीमुळे आपल्याकडच्या व्याख्यानांची, गाण्याच्या बैठकींची चित्रीकरणं मधूनच तुटायची. हल्लीच्या कित्येक कॅमेऱ्यांतून ही मर्यादा गेली आहे.

आणि आवाज. आवाजाबद्दल तर या कॅमेऱ्यांनी कधी विचारच केला नव्हता. बारीकसं माइकचं भोक, हेडफोनला जागा नाही, आणि आवाज कमी-जास्त करणंही कॅमेऱ्याच्या मर्जीवर. माणूस बोलायचा थांबला की कॅमेऱ्याला वाटे आवाज कमी आहे, मग तो पंख्याची घरघर वर चढवे. ट्रॅमेल हडसन या गृहस्थाने वैतागून २००९ मध्ये 'मॅजिक लँटर्न' नावाचं फुकट फर्मवेअर लिहिलं, त्यात पडद्यावर आवाजाचे काटे दिसू लागले. बाकीच्यांनी सिनेमाचा जुना रस्ता धरला. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घ्यायचा, सुरुवातीला क्लॅप द्यायचा आणि एडिटिंगच्या टेबलावर दोन्ही जुळवायचे. ज्यांच्याकडे क्लॅप नव्हता ते टाळी वाजवत. टाळीनेही काम भागतं.

एवढं सगळं असूनही व्यावसायिकांनी हा कॅमेरा उचलला, आणि तो केवळ स्वस्त होता म्हणून नाही. 'हाउस' या अमेरिकन मालिकेच्या सहाव्या पर्वाचा शेवटचा भाग मे २०१० मध्ये प्रसारित झाला, तो अख्खा ५डी मार्क टूवर चित्रित केलेला होता. त्यांना पैशांची चणचण नव्हती. पण कथा कोसळलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्याखाली घडते, आणि तिथल्या बोळकांडीत सिनेमाचा मोठा कॅमेरा शिरत नव्हता.

आपल्याकडचं उदाहरण मला याहून जवळचं वाटतं. अमोल गुप्ते यांनी 'स्टॅनले का डब्बा' मुंबईतल्या एका शाळेत, मुलांच्या शनिवारच्या कार्यशाळांमधून चित्रित केला. छायालेखक अमोल गोळे यांच्या हाती कॅननचा ७डी होता. आपण सिनेमात काम करतोय हे मुलांना जाणवू द्यायचं नव्हतं. ट्रॉली, क्रेन आणि पंचवीस माणसं वर्गात शिरली असती तर तिसऱ्या मिनिटाला मुलं कॅमेऱ्याकडे बघून हसली असती. फोटोच्या कॅमेऱ्याला कोणी बिचकत नाही. ती सवयीची वस्तू. २०११ मध्ये प्रदर्शित झालेल्या त्या चित्रपटातले चेहरे पाहा, डबा खाताना कोणीही 'अभिनय' करत नाही. त्याच वर्षी रामगोपाल वर्मा यांनी याच जातीचे पाच कॅमेरे घेऊन 'दोंगला मुठा' हा तेलुगू चित्रपट पाच दिवसांत उरकला. तो एक विक्रम म्हणून ठीक. कॅमेरा छोटा झाला म्हणून पटकथेला लागणारा वेळ छोटा होत नाही, हे त्यातून कळलं.

रीमा दास यांची गोष्ट याच्या अगदी उलट. आसाममधल्या आपल्या गावात त्यांनी कॅनन ५डी हातात घेऊन 'व्हिलेज रॉकस्टार्स' केला. दिग्दर्शन, छायालेखन, संकलन सगळं स्वतः, आणि वेळ लागला काही वर्षं. पूर आला की पूर टिपला, मुलं वाढली तशी वाढलेली टिपली. मोठा कॅमेरा दिवसाच्या भाड्याने आणणाऱ्याला पुराची वाट बघत बसता येत नाही. कॅमेरा घरचा असला की येतं. २०१८ मध्ये या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं आणि ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणूनही तोच गेला. स्वस्त कॅमेऱ्याने सिनेमाला दिलेली सगळ्यांत मोठी गोष्ट कोणती असं विचारलं तर मी वेळ असंच म्हणेन.

पुढच्या सुधारणा भराभर आल्या. २०१३ साली कॅननच्या ७०डीमध्ये प्रत्येक पिक्सेलचे दोन भाग करून फोकसचं अंतर मोजायची युक्ती आली, आणि चालत येणाऱ्या माणसावर फोकस आपोआप टिकू लागला. २०१४ मध्ये पॅनासॉनिकच्या जीएच४ ने फोरके व्हिडिओ कॅमेऱ्यातच साठवला. सोनीच्या ए७एसने त्याच वर्षी शहाणपणाची गोष्ट केली. पिक्सेल वाढवण्याऐवजी फक्त १२ मेगापिक्सेल ठेवले. पिक्सेल मोठे, प्रकाश जास्त, आणि एकही ओळ गाळायची गरज नाही. पुढे इतर कॅमेऱ्यांत रंगांच्या छटा साठवायला आठ बिटांऐवजी दहा बिट आले, म्हणजे प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्यांच्या जागी १०२४. संध्याकाळच्या आभाळातले पट्टे त्यामुळे नाहीसे झाले. २०१९ मध्ये पॅनासॉनिकचा एस१एच नेटफ्लिक्सच्या मान्यताप्राप्त कॅमेऱ्यांच्या यादीत गेला. मधल्या काळात आरसा गेला आणि डीएसएलआरचे मिररलेस झाले. उष्णतेचा प्रश्न मात्र उरला. कॅननचा आर५ २०२० मध्ये एटके घेऊन आला खरा, पण वीसेक मिनिटांत तापून थांबायचा.

या सगळ्यावर रुसलेलेही होते. निकॉननेच २०१३ मध्ये 'डीएफ' हा कॅमेरा काढला, त्यात मुद्दाम व्हिडिओ ठेवलाच नाही. फोटो म्हणजे फोटो, अशा बाण्याच्या लोकांसाठी.

२०२३ मध्ये गॅरेथ एडवर्ड्सचा 'द क्रिएटर' आला. सुमारे ८ कोटी डॉलरचा विज्ञानपट, आणि मुख्य कॅमेरा सोनीचा एफएक्स३, किंमत ४ हजार डॉलरच्या आसपास. कंपनी त्याला सिनेमाच्या मालिकेत मोजते, पण आतून तो ए७एस थ्री या फोटोच्या कॅमेऱ्याचा सख्खा भाऊ आहे. ही बातमी वाचून पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच तरुणांनी एफएक्स३ चे हप्ते सुरू केले. त्या चित्रपटाचे उरलेले कोट्यवधी डॉलर कशावर खर्च झाले याचा विचार मात्र कमी जणांनी केला असावा. प्रकाशयोजना, कलादिग्दर्शन, फोकस सांभाळणारा माणूस, ध्वनी. यांतलं काहीच २००८ नंतर स्वस्त झालेलं नाही.

म्हणून कोणी मला 'शूटिंगसाठी कुठला कॅमेरा घेऊ' असं विचारलं, तर मी आधी माइक कुठला आहे ते विचारतो. चित्र थोडं दाणेदार असलं तर प्रेक्षक दोन मिनिटांत विसरतो; खोलीभर घुमणारा आवाज तो विसरत नाही. कॉलर माइक, मग एक बरा ट्रायपॉड, मग एनडी फिल्टर, आणि उरलेल्या पैशांत पाच वर्षं जुना, वापरलेला कॅमेरा. त्यात १/५० लावायचं आणि कामाला लागायचं.

पाच मिनिटांची क्लिप घेणारा डी९० बाजारात आणणाऱ्या निकॉनने २०२४ च्या वसंतात एक कंपनी विकत घेतली. तिचं नाव रेड. हॉलिवूडमध्ये वापरले जाणारे डिजिटल सिनेकॅमेरे बनवणारी.